मिजेट रेस कारच्या ट्यूनिंगसाठी कोणता चॅसी डायनो चालेल?

प्रश्न – पिल_नंबर_९०

गाडी मातीच्या चौथाई मैल ओव्हलची मिजेट (छोटी, उघड्या चाकांची रेस कार) आहे. चार सिलिंडर, मिथेनॉल, मेकॅनिकल फ्युएल इंजेक्शन, मॅग्नेटो (ठिणगीची वीज स्वतःच बनवणारा), इन-आउट बॉक्स (फक्त गिअर किंवा न्यूट्रल) आणि क्विक-चेंज रिअर एंड (ज्यात गिअर बदलून रेशो पटकन बदलता येतो). अ‍ॅक्सल अखंड, डिफरेन्शियल नाही. मेन जेट (मेन बायपासची पिल, म्हणजे जादा इंधन टाकीत परत सोडणारं बदलतं छिद्र) आणि हाय-स्पीड बायपास ट्रॅकवर अंदाजाने लावण्यापेक्षा डायनोवर, म्हणजे चाकांवरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, बसवायचे आहेत. इनर्शिया ड्रमवाला (नुसता जड ड्रम फिरवायचा), एडी करंट लोडवाला (विद्युतचुंबकीय ब्रेकने भार देणारा) आणि थेट हबला जोडायचा, असे तीन पर्याय दिसतात. कोणता घ्यावा आणि डायनोवाल्याला आधी काय विचारावं?

उत्तर १ – दोन_रोलर

पहिला प्रश्न हॉर्सपॉवरचा नाही, गाडी सुरू कशी करणार याचा आहे. क्लच नाही, स्टार्टर नाही. इंजिन चालू आणि चाकं थांबलेली असताना इन-आउट बॉक्स गिअरमध्ये पडत नाही, म्हणजे गिअर टाकूनच इंजिन फिरवावं लागतं. साध्या इनर्शिया डायनोचा ड्रम एवढा जड असतो की क्रँकच्या नाकाला लावलेला बाहेरचा स्टार्टर तो इंजिनासकट ओढू शकत नाही. म्हणून ड्रम स्वतःच्या मोटरने फिरतो का, हे आधी विचारा. फिरत असेल तर पद्धत सोपी: ३.८ च्या रेशोला (चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या ३.८) ड्रम ताशी ३०-३२ किलोमीटरवर न्या, इंजिन सुमारे १२०० आरपीएम फिरेल, ऑइल प्रेशर चढलं की फ्युएल आणि इग्निशन चालू. हब डायनोची फिरती वस्तुमानं लहान असतात, तिथे बाहेरचा स्टार्टर पुरण्याची शक्यता जास्त.

दुसरं, लोड धरून ठेवता येतो का? तुमचा फ्युएल पंप आरपीएमच्या सरळ प्रमाणात इंधन देतो, पण इंजिनाची हवा घेण्याची क्षमता टॉर्कच्या शिखरानंतर उतरते. त्यामुळे वरच्या टोकाला मिश्रण आपोआप रिच (इंधन जास्त) होतं, आणि ठराविक प्रेशरला उघडून जादा इंधन परत पाठवणारा हाय-स्पीड बायपास त्यासाठीच असतो. तो कोणत्या प्रेशरला उघडावा हे ठरवायला ५००-५०० आरपीएमच्या पायऱ्यांवर दोन-तीन सेकंद थांबून लॅम्बडा (हवा-इंधन मिश्रणाचं माप, १ च्या खाली रिच, वर लीन म्हणजे इंधन कमी) वाचावा लागतो. नुसत्या ड्रमवर सुई झरझर वर जाते, आणि बायपास उघडल्याचा क्षण हातातून निसटतो.

उत्तर २ – अखंड_अ‍ॅक्सल

वरचं बरोबर, पण रोलर डायनोवर खरी अडचण पकडीची येते. हिशोब करून बघा. इंजिनाचा टॉर्क ३५० न्यूटन-मीटर, एकूण रेशो ५.५, टायरची त्रिज्या ०.२७ मीटर धरली तर चाकाच्या काठावर ७१०० न्यूटनच्या आसपास बल येतं. मागच्या चाकांवर जेमतेम २५० किलो. घर्षण ०.८ धरलं तर घसरू नये म्हणून पट्ट्यांनी आणखी साडेसहाशे किलो खाली ओढावं लागेल, आणि एवढ्याने मऊ टायर चिरडून तापेल.

उपाय तुमच्याच गाडीत आहे. क्विक-चेंजमध्ये फक्त डायनोसाठी उंच गिअर घाला. ३.८ ला तेच बल ४९०० न्यूटनवर येतं आणि पट्ट्यांचा भार ३५०-४०० किलोत भागतो. मात्र ८००० आरपीएमला चाकाचा वेग ताशी २१५ किलोमीटर होतो. टायर आणि ड्रम दोन्ही हा वेग सोसतात का ते आधी पाहा. ५.५ ला तो १४८ च असतो.

स्टॅगर (मागच्या दोन टायरच्या घेरातला फरक) काढा. उजव्या टायरचा घेर १७५ आणि डाव्याचा १६५ सेंटिमीटर असेल तर एकाच शाफ्टवरच्या ड्रमवर टायर ६ टक्के घासतच राहणार, आणि तो आकडा तुम्ही इंजिनाचा समजाल. दोन्हीकडे एकाच घेराचे डांबरी ट्रॅकचे स्लिक लावा. मातीचे ब्लॉक टायर इथे नकोत. पट्टे चॅसीच्या मुख्य नळ्यांना तिरपे बांधा. बंपरला आणि नर्फ बारला (बाजूच्या संरक्षक नळीला) हात लावू नका, ते आपटण्यासाठी असतात, ओढण्यासाठी नाही.

हब डायनोवर पकडीचा प्रश्न मिटतो, पण अ‍ॅक्सलच्या स्प्लाइनला (टोकाच्या खाचांना) बसणारा अडॅप्टर बहुधा करूनच घ्यावा लागेल. अ‍ॅक्सल अखंड आहे हेही आधी सांगा. दोन्ही बाजूंचे अ‍ॅब्सॉर्बर (डायनोचे भार देणारे भाग) वेगवेगळा वेग धरायला गेले तर एकमेकांशीच झगडतात.

उत्तर ३ – निळी_ज्योत_दिसत_नाही

मिथेनॉलबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. उजेडात त्याची ज्वाळा जवळजवळ दिसत नाही. पाण्यात पूर्ण मिसळतं, त्यामुळे भरपूर पाणी हाताशी हवं. एक्झॉस्ट बाहेर ओढणारा पंखा आणि रेडिएटरपुढे मोठा पंखा, दोन्ही हवेत.

लॅम्बडाच बघा, पेट्रोलच्या एएफआर (हवा-इंधन प्रमाण) स्केलने घोळ होतो. मिथेनॉलचं स्टॉइकिओमेट्रिक (पूर्ण जळण्यापुरतं) प्रमाण सुमारे ६.४, म्हणजे लॅम्बडा ०.८० ला खरं मिश्रण ५.१ च्या जवळ. पेट्रोलचा मीटर तिथे ११.८ दाखवेल. आणि मिसफायर झालं की न जळलेला ऑक्सिजन सेन्सरला लीन भासतो. तेव्हा जेट बदलण्याआधी प्लग बघा.

प्रश्नकर्ता – पिल_नंबर_९०

रन संपल्यावर थेट फ्युएल बंद करायचं का? आणि लीन करायला पिल मोठी की लहान?

उत्तर ४ – दोन_रोलर

मेन बायपासची पिल मोठी केली की जास्त इंधन टाकीत परत जातं, म्हणजे लीन. सुरुवात लहान पिलने, रिच बाजूने करा आणि एका वेळी एकच पायरी. मिथेनॉलवर रिच बाजूला पॉवर हळू उतरते, लीन बाजूला पिस्टन जातो.

थ्रॉटल उघडा असताना फ्युएल कापू नका, त्या काही फेऱ्यांत सिलिंडर लीन जळतात. आधी थ्रॉटल बंद, ऑपरेटरला ब्रेकने ड्रम उतरवू द्या, भार सुटल्यावर इन-आउट बॉक्स न्यूट्रलला टाका, मग फ्युएल शट-ऑफ. गिअरमध्येच राहिलात तर ड्रम इंजिनाला फिरवत राहतो, पंप इंधन ढकलत राहतो, आणि कच्चं मिथेनॉल सिलिंडर धुऊन तेलात उतरतं. दर तीन-चार रननंतर तेल पाहा, दुधाळ दिसलं की बदला.

आरपीएमसाठी मॅग्नेटोच्या एका प्लग वायरवर इंडक्टिव क्लिप लावा. नुसत्या ड्रमच्या वेगावरून काढलेला आरपीएम टायर फुगला की चुकतो.