तिसरीचं वाचन ८३ वरून ४० टक्के: २३ पटाच्या शाळेत हा आकडा कसा वाचायचा?

समिती सदस्य, राजापूर तालुका
मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते पाचवी, पट २३, शिक्षक दोन. गेल्या मार्चला तिसरीतली ६ पैकी ५ मुलं दुसरीच्या पातळीची गोष्ट सलग वाचत होती. या मार्चला ५ पैकी २. ग्रामसभेत फक्त टक्के वाचले गेले आणि शाळा घसरली असा सूर लागला. यंदाच्या पाचांत दोन मुलं चिरेखाणीवर (जांभ्या दगडाच्या खाणीवर) कामाला येणाऱ्या कुटुंबांतली, दिवाळीनंतर दाखल झालेली. शिवाय दुसरी संपवून दोन मुलं जूनमध्ये तालुक्याच्या इंग्रजी शाळेत गेली, ती दोन्ही चांगली वाचणारी. शाळा विकास आराखड्यात हे कसं मांडावं? सबब सांगितल्यासारखं वाटायला नको.

बहुवर्ग
आधी टक्के काढून टाका. पाच मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे २० टक्के. एक जण परीक्षेच्या दिवशी तापाने घरी राहिला तरी आलेख कोसळतो. आणि गेल्या वर्षीची तिसरी यंदा चौथीत आहे, म्हणजे तुलना दोन वेगळ्या मुलांच्या गटांची झाली. शाळेने काय केलं ते त्यातून कळत नाही.

त्याऐवजी एका मुलाला एक ओळ द्या. रकाने असे: दाखल तारीख, जन्ममहिना, अंगणवाडी केली का, घरची भाषा, महिनावार हजेरी, आणि वाचन व गणिताची पातळी तीनदा (जून, दिवाळीनंतर, मार्च). वाचनाच्या पातळ्या पाचच ठेवा: अक्षरही नाही, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून. मूल वाक्य एकेक शब्द न तोडता सलग वाचतं आणि तीनपेक्षा जास्त चुका करत नाही, तर गोष्ट द्या. अडखळलं तर शब्दांवर या. पाचपैकी चार शब्द बरोबर आले की शब्दपातळी, नाहीतर अक्षरं, तिथेही पाचपैकी चार. गणितात हातच्याची दोन वजाबाकीची उदाहरणं, दोन्ही बरोबर आली तरच भागाकार.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो उताऱ्याच्या निवडीत. दोन शिक्षकांत पाच इयत्ता म्हणजे पहिली-दुसरीची मुलं तिसरीचे धडे रोज कानावर घेतात. पाठ्यपुस्तकातला उतारा दिला की मूल पुस्तकाकडे न बघता म्हणून दाखवतं आणि आपण त्याला 'परिच्छेद' लिहून मोकळे होतो. म्हणून उतारा न ऐकलेला हवा, आणि दर वेळी नवा. एकेकाला पडवीत बोलावून घ्या. बाकीच्यांसमोर विचारलं तर मागून कुणीतरी उत्तर पुरवतंच.

खाडीपलीकडे
चिरेखाणीच्या मुलांबद्दल. खाणी पावसात बंद असतात, त्यामुळे ही कुटुंबं पाऊस सरल्यावर येतात आणि जूनच्या आत परततात. जूनची पायाभूत नोंद त्यांच्या नावापुढे कोरी राहते, आणि मार्चचा निकाल मात्र शाळेच्या खात्यावर पडतो. उपाय सोपा आहे: दाखल झाल्यापासून आठवड्याच्या आत पातळी तपासा, आणि मार्चची तुलना तिच्याशीच करा. नोव्हेंबरात अक्षरांवर असलेलं मूल मार्चला शब्दांवर आलं, तर चार महिन्यांत ती चांगली वाटचाल आहे. 'गोष्ट वाचत नाही' एवढंच लिहिलं की ती दिसतच नाही.

हजेरीचा भाजकही दाखल तारखेपासून धरा. वर्षभराच्या कामाच्या दिवसांनी भागलं तर रोज येणारं मूलही गैरहजर ठरतं.

घरी कन्नड किंवा गोरमाटी (बंजारा समाजाची भाषा) बोलणारं, किंवा बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबातलं मूल पुष्कळदा अक्षर ओळखतं, पण अर्थ लागत नाही. नेपाळी मुलाला देवनागरी येत असेल तर ते मराठी उतारा घडाघडा वाचेल आणि एकाही प्रश्नाचं उत्तर देणार नाही. म्हणून गोष्टीनंतर दोन प्रश्न विचारा, आणि उत्तर मोठ्या भावंडामार्फत घरच्या भाषेत चालवून घ्या. मग कळतं की अडचण वाचनाची आहे की मराठी शब्दांची. दोन्हींवर काम वेगळं करावं लागतं. मालवणी-संगमेश्वरी बोलणाऱ्या आपल्या मुलांनाही पहिलीत हे लागू आहे.

आधीच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच ते आहे. परत जाताना शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलाला पुढच्या शाळेत दाखवायला मिळतं ते) द्या आणि त्यासोबत शेवटची वाचनपातळी लिहून द्या, म्हणजे पुढच्या शाळेला पुन्हा अक्षरांपासून चाचपडावं लागणार नाही.

पट-नोंद
एक काळजी घ्या ताई/दादा. मुलांची ही पूर्ण ओळ शिक्षक आणि समितीपुरतीच राहू द्या, तीही नावाऐवजी क्रमांकाने. ग्रामसभेत जात, दिव्यांगत्व, स्थलांतरित असे रकाने पाच मुलांच्या वर्गात वाचले की नाव न घेताही अख्ख्या वाडीला मूल कळतं. दहापेक्षा कमी मुलांचा गट फोडून दाखवूच नका.

दुसरं म्हणजे संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवणं, साधारण ३० सप्टेंबरच्या पटावर धरली जाते. दिवाळीनंतर येणारी मुलं त्यात नसतात, पण वर्गात बसतात. दर महिन्याच्या १ तारखेचा पट आराखड्यात लिहा. जादा स्वयंसेवक किंवा वाचनसाहित्य मागायला तोच आधार होतो.

समिती सदस्य, राजापूर तालुका
कळलं. पण ग्रामसभेत लोकांना एक आकडा लागतोच. तो कोणता द्यावा? आणि इंग्रजी शाळेत गेलेल्या दोघांचं काय?

बहुवर्ग
पूर्ण शाळेचा आकडा द्या: पहिल्या तपासणीपासून मार्चपर्यंत किती मुलं किमान एक पातळी वर सरकली, किती तिथेच राहिली. गोष्टीवर आधीच पोचलेली मुलं वेगळी मोजा, त्यांना वर जागाच नाही. तिसरीचंच हवं असेल तर सलग तीन वर्षांतली तिसरीची मुलं एकत्र धरा. पंधरा-सोळांत एक मूल सहा-सात टक्क्यांचं होतं, तेवढं सोसवतं.

गेलेल्या दोघांची ओळ खोडू नका. जातानाची पातळी आणि महिना लिहून ठेवा. चांगली वाचणारी मुलं दुसरीनंतर जात असतील तर तिसरीचा आकडा दर वर्षी खाली दिसणार, शिकवणं तेच असलं तरी. ते दोन-तीन वर्षांच्या नोंदींत उघड होतं. आणि जी मुलं जूनपासून होती तरी एकही पातळी सरकली नाहीत, त्यांच्या ओळी आधी वाचा. तिथे उशिरा दाखल झाल्याचं कारण लागू होत नाही. हजेरी पाहा, नजर तपासून घ्या, आणि त्या मुलांना रोज अर्धा तास वेगळं वाचन कोण देणार ते त्याच बैठकीत नावानिशी ठरवा.