मोरजीतल्या रशियन भाडेकरूला आश्रय मागायचाय. अर्ज कुठे करतात?

मोरजीकर: आमच्या माडीवरच्या खोलीत एक रशियन पोरगा राहतो. सप्टेंबर २०२२ मध्ये पुतिनने सैन्यभरती काढली तेव्हापासून घरी गेलेला नाही. व्हिसा संपत आला की श्रीलंकेला जाऊन येतो. परदेशी भाडेकरूच्या सरकारी नोंदीचा फॉर्म मी दर वेळी चोवीस तासांत भरतो, ती काळजी नको. परवा विचारतो, "काका, इथे आश्रयाचा अर्ज कुठे मिळतो?" मला काय कप्पाळ माहीत! चौकीवर विचारलं तर हवालदार म्हणे, "व्हिसा संपला की जायचं." खरंच कुणाकडेच उत्तर नाही?

म्हापशाची वकील: बाब, अर्जच नाही, कारण कायदाच नाही. १९५१च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही. आपल्या कायद्याला ठाऊक असतो तो फक्त परदेशी नागरिक. तिबेटी आणि श्रीलंकन तमिळ यांचं भारत सरकार स्वतः बघतं. बाकीच्यांची मुलाखत दिल्लीत यूएनएचसीआर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था घेते, पटलं तर निर्वासित असल्याचं कार्ड देते. ते कार्ड सरकारवर बंधनकारक नाही. २०२१ मध्ये जम्मूतल्या रोहिंग्यांना परत पाठवण्यावर सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली नाही. ठरलेली प्रक्रिया पाळा, एवढंच सांगितलं.

बागा बाजार: आमच्या शेजारच्या स्टॉलवाल्या तिबेटी बाईचा जन्म इथलाच, तरी आरसीचं, म्हणजे परदेशी म्हणून नोंदणीच्या दाखल्याचं, नूतनीकरण चुकत नाही. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये गोव्यात सीएएखाली, म्हणजे नागरिकत्व सुधारणा कायद्याखाली, नागरिकत्वाचं पहिलं प्रमाणपत्र दिलं ना मुख्यमंत्र्यांनी? पाकिस्तानी पासपोर्टवाल्या म्हाताऱ्या गोंयकाराला. त्याला मिळालं ते बरंच झालं. पण त्या कायद्यात बघतात काय, तर देश, धर्म आणि ३१ डिसेंबर २०१४ ही तारीख. छळ झाला का, हे सिद्ध करायलाच लागत नाही. तुमचा पोरगा त्या यादीत कुठेच नाही.

मोरजीकर: मग जर्मनीकडे आश्रय मागितला तर?

म्हापशाची वकील: तिथे कायदा आहे, पण अर्जाला आधी त्या भूमीवर पाय ठेवावा लागतो. वकिलातीत घेत नाहीत. आश्रय मागणार असा नुसता संशय आला तरी व्हिसा नाकारतील. बरं, पोहोचला तरी नुसती भरती चुकवली हे पुरत नाही. २०२०च्या निकालात युरोपीय न्यायालयाने सीरियन तरुणांना थोडी वाट करून दिली. तिथलं सैन्य युद्धगुन्हे करतंय म्हणून लढायला नकार, हा मुद्दा त्यात होता. मुलाखतीत हेच खोदून विचारतात. भीती खरी असूनही माणूस गडबडतो, तारखा चुकतो, दुभाषा अर्धंच सांगतो, आणि "विश्वासार्ह नाही" असा शेरा बसतो.

भरतीची नोटीस आली असेल तर कागद जपून ठेवायला सांगा. दिल्लीच्या यूएनएचसीआरला लिहू दे. व्हिसा मात्र एक दिवसही ओलांडू देऊ नका.