इटालियन भविष्यकाळ: 'पार्लारे'चं 'पार्लेरो' का, आणि 'जाणार आहे' कसं म्हणायचं?

साताऱ्याची शिकाऊ
नमस्कार मंडळी. साताऱ्यात घरीच पुस्तकावरून इटालियन शिकते आहे. वर्तमानकाळ आणि पास्सातो प्रोस्सिमो (सहायक क्रियापद लावून होणारा भूतकाळ) बऱ्यापैकी बसलेत, भविष्यकाळात गाडं अडलंय. 'पार्लारे' (बोलणे) याचं 'पार्लारो' न होता 'पार्लेरो' (मी बोलेन) का होतं? अनियमित रूपं लक्षात कशी ठेवायची? आणि "उद्या सांगलीला जाणार आहे" याला इंग्रजी 'गोइंग टू'सारखं 'वादो आ' (मी जाते) लावून चालेल का?

कृष्णाकाठ, सांगली
ताई, आधी रूप कुठून आलं ते बघा, पाठांतर निम्मं होईल. लॅटिनमध्ये मूळ क्रियापदापुढे 'माझ्याकडे आहे' या अर्थाचं 'हाबेओ' लावत, म्हणजे जवळपास आपलं 'मला बोलायचं आहे'. तेच पुढे चिकटलं. म्हणून भविष्याचे प्रत्यय म्हणजे 'आवेरे' (जवळ असणे) याचा वर्तमानकाळच: ओ, आइ, आ, एमो, एते, आन्नो. 'आम्ही'च्या जुन्या 'आवेमो'ची आणि 'तुम्ही'च्या 'आवेते'ची फक्त शेपटी उरली. जोर प्रत्ययावर गेला, मागचा 'आर' दुबळा झाला आणि फ्लॉरेन्सच्या बोलीत त्याचा 'एर' झाला. प्रमाण इटालियन त्याच बोलीवर उभी आहे, म्हणून पार्लेरो.

करायचं एवढंच: शेवटचा 'ए' काढा, 'आरे'वाल्यांत 'आ'चा 'ए' करा, प्रत्यय लावा. प्रेंदेरो, दोर्मीरो. 'फिनीरे'ला वर्तमानात मध्ये 'इस्क' येतो तो इथे येत नाही, सरळ फिनीरो.

लिहिताना दोन ठिकाणी चूक होते. 'चेर्कारे', 'पागारे' यांत 'ए' आला की रोमन सी आणि जीचा उच्चार च, ज होईल, म्हणून मध्ये एच घालावा लागतो: चेर्केरो, पागेरो. उलट 'मांजारे', 'कोमिंचारे' यांतला आय फक्त ज, च साठी होता. पुढे 'ए' आला की त्याची गरज संपते, तो गाळा: मांजेरो, कोमिंचेरो.

'मी' आणि 'तो/ती'च्या रूपांत शेवटच्या स्वरावर डावीकडून उजवीकडे उतरणारी रेघ हवीच. ती विसरलात तर 'असेल' या अर्थाच्या 'सारा'चं मुलीचं नाव होतं.

अनियमित रूपांचे गट करा. आंदारे, आवेरे, कादेरे, दोवेरे, पोतेरे, सापेरे, वेदेरे, वीवेरे यांत मधला स्वर गळतो: आंद्रो, आव्रो, काद्रो, दोव्रो, पोत्रो, साप्रो, वेद्रो, विव्रो. वेनीरे, तेनेरे, रिमानेरे, वोलेरे, बेरे यांत स्वर गळल्यावर आधीचं व्यंजनही 'र'मध्ये मिसळतं: वेर्रो, तेर्रो, रिमार्रो, वोर्रो, बेर्रो. दारे, फारे, स्तारे आपला 'आ' सोडत नाहीत: दारो, फारो, स्तारो. एस्सेरे (असणे) याचं सारो वेगळं पाठ करा.

दुहेरी व्यंजन कानावर नीट घ्या. 'पार्लेरेमो' म्हणजे आम्ही बोलू. 'पार्लेरेम्मो' म्हटलंत की ते 'वेळ असता तर बोललो असतो' या धाटणीचं होतं.

अजिंक्यतारा
वर रूपांचं सगळं आलंय, मी वापराचं लिहितो. इंग्रजीतल्या 'विल' आणि 'गोइंग टू'वरून इटालियन भविष्यकाळ शिकू नका, मराठीवरून शिका. आपल्याला तो जवळचा आहे.

'वादो आ मांजारे' म्हणजे 'जेवायला जातो', पाय उचलून. तो भविष्यकाळ नाही. ठरलेल्या गोष्टीला आपण 'उद्या येतो' म्हणतो तसाच तिथेही वर्तमानकाळ चालतो: दोमानी वेंगो. तुमचं सांगलीचं वाक्यही 'दोमानी वादो आ सांगली'. 'निघतेच आहे' साठी स्तो पेर उशीरे.

अंदाजाचं तर जसंच्या तसं आहे. 'आठ वाजले असतील' म्हणजे सारान्नो ले ओत्तो. 'घरी असेल' म्हणजे सारा आ काझा. हे भविष्य नव्हे, तर्क आहे, आणि रोजच्या बोलण्यात फुतूरो (भविष्यकाळ) असा फार येतो. झालेल्या गोष्टीचा तर्क असेल तर फुतूरो आन्तेरिओरे (पूर्ण भविष्यकाळ): 'ती पोचली असेल', सारा आर्रिवाता.

साताऱ्याची शिकाऊ
मनापासून आभार. चार वाक्यं केली आहेत, तपासाल का?
'सांगलीची यष्टी सुटली असेल': लाउतोबुस पेर सांगली आव्रा ज्या पार्तीतो.
'आईनं चिठ्ठी लिहिली असेल': ला माम्मा आव्रा स्क्रीत्ता ला लेत्तेरा.
'दोन तासांनी कराडला असेन': दोपो दुए ओरे सारो आ कराड.
'पाऊस आला तर घरीच थांबेन': से ए प्योवूतो, रेस्तेरो आ काझा.

अजिंक्यतारा
पहिल्यात 'पार्तीरे'ला एस्सेरे लागतं, म्हणून सारा ज्या पार्तीतो. पास्सातो प्रोस्सिमोत ज्याला जे सहायक, तेच इथे.

दुसरी चूक अस्सल मराठी आहे. 'चिठ्ठी लिहिली' यात आपलं क्रियापद चिठ्ठीमागे जातं, इटालियनमध्ये आवेरेबरोबर ते बदलत नाही: आव्रा स्क्रीत्तो ला लेत्तेरा. पण चिठ्ठीऐवजी 'ती' हे सर्वनाम क्रियापदाआधी आलं की मात्र बदलतं: लाव्रा स्क्रीत्ता.

तिसऱ्यात आत्तापासून मोजताय, म्हणून फ्रा दुए ओरे. 'इन दुए ओरे' म्हणजे 'दोन तासांत'.

चौथं नीट बघा, इथेच मराठी दगा देते. आपण 'आला तर', 'पोचले की' असा भूतकाळ घालतो. इटालियनमध्ये दोन्हीकडे भविष्य येतं: से प्योवेरा, रेस्तेरो आ काझा. बोलताना दोन्हीकडे वर्तमानही चालतो: से प्योवे, रेस्तो आ काझा. 'पोचले की फोन करेन' याला क्वांदो सारो आर्रिवाता, ती क्यामेरो. तुम्ही बाई म्हणून आर्रिवाता, पुरुष म्हणाला तर आर्रिवातो.

कृष्णाकाठ, सांगली
वरच्यात एक भर. त, द आपलेच दंत्य ठेवा. 'पार्टीटो' म्हटलं की उच्चार लगेच परका वाटतो.