सुई-बदल केंद्रे आणि इंडियानाचा अनुभव

वापरलेल्या सुयांच्या बदल्यात नव्या सुया देणे म्हणजे सरकारने व्यसनाला खतपाणी घालणे होय, या मताशी मी सहमत नाही. अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या स्कॉट काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), ऑस्टिन या जेमतेम ४,००० वस्तीच्या गावात, ओपाना ही वेदनाशामक गोळी विरघळवून एकाच सुईने अनेकांनी टोचून घेतल्यामुळे २०१५ साली एचआयव्हीची साथ पसरली आणि बाधितांची संख्या पुढे २०० च्या वर गेली. सुई-बदल केंद्रांना तोवर राज्यात बंदी होती. राज्यपाल माइक पेन्स यांचा त्यांना विरोध होता, तरीही मार्चअखेर त्यांनी आरोग्य आणीबाणी जाहीर करून तात्पुरती परवानगी दिली. माझ्या मते ती आधीच मिळायला हवी होती. केंद्रात नुसत्या सुया मिळत नसत, तर एचआयव्हीची तपासणी होई आणि व्यसनमुक्तीच्या उपचारांची वाटही तेथूनच दाखवली जाई. नव्या लागणी झपाट्याने घटल्या. मात्र अशी केंद्रे चालवायची की नाही, हा निर्णय नंतरच्या कायद्याने काउंट्यांवर सोपवला होता, त्यामुळे स्कॉट काउंटीच्या आयुक्तांना २०२१ मध्ये २ विरुद्ध १ मतांनी हाच कार्यक्रम बंद करण्याचा ठराव करता आला. इतक्या जीवनावश्यक सोयीचे भवितव्य राज्याने एका मतावर सोडायला नको होते.