मदत हवी आहे: आराखडा इंचात, सामान मिमीत. बोल्ट, ड्रॉवरचं सरकतं चॅनल आणि हँडल यांचा मेळ कसा घालू?

प्लायचं कपाट आणि त्याच्या शेजारी कामाचं टेबल असं दोन्ही करायला घेतलंय. आराखडा जुना, सगळी मापं इंच-सुतात. सामान मात्र मिळेल तसं जमवलेलं आहे. प्लाय १८ मिमी, बिजागऱ्या ३५ मिमी कपच्या, आणि बोल्टच्या डब्यात दोन्ही प्रकारचे बोल्ट एकत्र झालेले.

सगळ्यात मोठी अडचण टेबलाच्या पायांची. पाय जुन्या टेबलाचे आहेत, सागवानी, मजबूत, टाकून द्यायचा प्रश्नच नाही. त्यांत टी-नट (लाकडात ठोकून बसवायचे, आतून आटे असलेले नट) आधीच ठोकलेले आहेत. एम ८ चा (८ मिमी मेट्रिक) बोल्ट हाताने दीड-दोन फेरे सहज जातो आणि मग अडकतो. पाना लावून जोर केलेला नाही, कारण मला शंका आहे की नट ५/१६ इंचाचे असावेत. ५/१६ म्हणजे ७.९४ मिमी, एम ८ पेक्षा जेमतेम ०.०६ मिमीने कमी, त्यामुळे डोळ्यांना काहीच कळत नाही. आटे मोजायचं गेज माझ्याकडे नाही, नट लाकडात रुतलेले आहेत. खात्री कशी करू? आणि त्यातूनच एम ८ चा टॅप (भोकात आटे कापायचं हत्यार) फिरवला तर चालेल का?

दुसरं. आराखड्यात कपाटाची बाहेरची रुंदी २४ इंच आणि बाजूच्या फळ्या पाऊण इंची, म्हणजे आतलं अंतर ५७१.५ मिमी. माझा प्लाय १८ चा असल्यामुळे ते ५७३.६ होतंय. ड्रॉवरचा खोका आराखड्याप्रमाणे साडेएकवीस इंची करू की बदलू?

शिवाय हँडलच्या भोकांतलं अंतर आराखड्यात ५ इंच आहे, हातातलं हँडल १२८ मिमीचं. स्क्रू ८ नंबर सव्वा इंची लिहिलेत, माझ्याकडे ४ × ३० आहेत. एवढ्यासाठी वेगळे आणावे लागतील का?

प्रतिसाद

टॅप अजिबात फिरवू नका. ५/१६ ला इंचात १८ आटे, म्हणजे एका आट्यापासून पुढच्यापर्यंत १.४१ मिमी. एम ८ ला १.२५. जुन्या आट्यांवर नवे तिरके कापले जातील, दोन्ही अर्धवट राहतील आणि टेबलावर ठोकाठोक सुरू झाली की पकड सुटेल. जोर केला नाहीत हे फार बरं झालं, नाहीतर नट लाकडात गरगर फिरायला लागला असता आणि मग तो काढणं महाकठीण.

गेज नसेल तर असं करा. देवदारासारख्या मऊ लाकडाची गोल काडी भोकापेक्षा किंचित जाड घ्या आणि दाबून नटमध्ये फिरवा. बाहेर काढल्यावर आट्यांचे वळ काडीवर उमटलेले दिसतील. सात वळ मोजा आणि पहिल्यापासून सातव्यापर्यंतचं अंतर व्हर्नियरने घ्या. साडेआठच्या आसपास आलं तर ५/१६, साडेसात आलं तर एम ८ आणि मग आत आटे खराब झालेत असं समजायचं. पाय फार जुने असतील तर नट व्हिटवर्थही (जुन्या ब्रिटिश इंची आट्यांचा) असू शकतो. त्याला या मापात १८च आटे असतात, फक्त आट्याचा कोन ५५ अंशांचा, यूएनसीचा (नेहमीच्या अमेरिकी इंची आट्यांचा) ६०. टेबलाच्या पायाला तेवढं चालून जातं. अर्धा इंची बोल्टला मात्र हे लागू नाही, तिथे व्हिटवर्थचे १२ आणि यूएनसीचे १३.

डब्यातले बोल्ट आजच वेगळे करा. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असेल तर मेट्रिक, तीन किंवा सहा रेघा असतील तर इंची. काहीच नसेल तर ओळखीच्या बोल्टच्या आट्यांत त्याचे आटे बसवून उजेडाकडे धरा. मधून फट दिसली की तो वेगळ्या जातीचा.

स्क्रूची चिंता सोडा. ८ नंबर म्हणजे ४.१७ मिमी, तुमचे ४ × ३० बिनधास्त वापरा. लाकडात स्क्रू आपली वाट आपण कापतो, म्हणून थोडा फरक खपतो. लोखंडात लोखंड जातं तिथेच जुळणी काटेकोर लागते. हँडलचे स्क्रूही त्यातच आले: एम ४ आणि ८-३२ (८ नंबर, इंचात ३२ आटे) एकमेकांत घालू नका. भोकं हातातल्या हँडलवरून कागदी साचा काढून पाडा, म्हणजे १२७ की १२८ हा प्रश्नच उरत नाही.

धागाकर्ता

काडीची युक्ती लागू पडली. साडेआठच आलं, नट ५/१६ चेच आहेत. एम ८ बाजूला ठेवले, पायांना इंची बोल्टच घेतो. मनापासून आभार. ड्रॉवरचं तेवढं राहिलं.

प्रतिसाद

साध्या बॉल-बेअरिंग चॅनलला प्रत्येक बाजूला १२.७ मिमी लागतात, म्हणजे ५७३.६ मधून २५.४ वजा करून खोका ५४८.२ चा. पण आकडेमोडीवर कापू नका. प्लायवर १८ लिहिलेलं असलं तरी तो बरेचदा थोडा कमीच भरतो. आधी कपाट उभं करा, आतलं अंतर पुढे आणि मागे दोन्हीकडे मोजा, त्यातलं कमी असेल ते धरा, मग खोका कापा. खोका साडेएकवीस इंची कापून झाला असेल तरी हरकत नाही, दोन्ही चॅनलमागे १ मिमी लॅमिनेटची पट्टी घाला. रुंद झालेला खोका मात्र रंधा मारल्याशिवाय बसत नाही, म्हणून मोजताना चूक व्हायचीच असेल तर ती कमीच्या बाजूला होऊ द्या.

आणि राउटर वापरणार असाल तर ६ मिमी दांड्याचं बिट पाव इंची कोलेटमध्ये (बिटचा दांडा पकडणाऱ्या चिमट्यात) कधीही लावू नका. ०.३५ मिमीची ढिलाई राहते, कितीही आवळलं तरी बिट सुटून अंगावर येऊ शकतं.