इंजिन बसवलेल्या सायकलीची चेन उतारावर वारंवार उतरते

प्रश्न

एका साध्या, बिनगिअरच्या सायकलीला मी घरीच ६६ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन बसवले आहे. इंजिनाकडचे स्प्रॉकेट १० दात्यांचे, मागच्या चाकाचे ४४ दात्यांचे आणि चेन ४१५ क्रमांकाची आहे. मागचे स्प्रॉकेट दोन रबरी चकत्यांमध्ये आरे दाबून नऊ बोल्टांनी थेट आऱ्यांवरच कसलेले आहे. सपाट रस्त्यावर आणि चढावर सायकल व्यवस्थित ओढते. पण उतारावर थ्रॉटल सोडला की चेन खडखडू लागते आणि बहुतेक वेळा उतरते. एकदा तर टेन्शनरची (चेनचा सैलपणा उचलून धरणाऱ्या छोट्या चाकाची) पट्टी चौकटीच्या नळीवर फिरून तिचे चाक आऱ्यांना घासू लागले. चाक हाताने फिरवून पाहिले तर चेन एका जागी ताठ होते आणि दुसऱ्या जागी लोंबते. टेन्शनर आणखी दाबला तर ताठ जागी चाक अडखळते, सैल केला तर चेन उतरते. चेन बदलावी, की चांगला टेन्शनर घ्यावा?

उत्तर १

आपण दिलेल्या वर्णनातली दोन लक्षणे वेगवेगळी तपासायला हवीत. दोन्हींचा त्रास टेन्शनरपाशी दिसत असला, तरी दोष तिथे असेलच असे नाही.

आधी उताराचे पाहू. इंजिन चाकाला ओढत असते तेव्हा चेनची वरची बाजू ताठ असते आणि खालची सैल, म्हणूनच टेन्शनर खालच्या बाजूला बसवतात. थ्रॉटल सोडला आणि क्लच दाबलेला नसला, की चाकच इंजिनाला फिरवू लागते. मग खालची बाजू ताठ होते आणि सैलपणा वर जातो. जो टेन्शनर केवळ सैल चेन उचलून धरण्यासाठी आहे, त्याच्यावर अशा वेळी सगळी ओढ येते, त्याची पट्टी नळीवर फिरते आणि चाक आऱ्यांकडे झुकते. वेगात असताना ती आऱ्यांत गेली तर मागचे चाक जागीच जाम होईल. तेव्हा दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत सायकल इंजिनावर चालवू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

आता ताठ आणि सैल जागांविषयी. स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवा, क्लच दाबून अडकवा आणि सायकल उलटी करा. चेन ज्या जागी सर्वांत ताठ होते, तिथे चेनच्या एका कडीवर आणि स्प्रॉकेटच्या एका दात्यावर खडूने खूण करून चाक सावकाश फिरवा. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तोच दाता त्या जागी आला की चेन ताठ होत असेल, तर स्प्रॉकेट केंद्रात बसलेले नाही. मात्र चाकाच्या एका फेऱ्यात ४४ कड्याच पुढे सरकतात. त्यामुळे चेन शंभरेक कड्यांची असेल तर तीच कडी पुन्हा तिथे यायला दोनांहून जास्त फेरे लागतात. ताठपणा त्या कडीबरोबर येत असेल, तर दोष चेनमध्ये आहे. बोटे चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये येणार नाहीत याची काळजी घ्या. हाताने फिरवतानाही गंभीर इजा होते.

आपल्या वर्णनावरून मला स्प्रॉकेटचाच संशय आहे. त्याचे मधले भोक हबपेक्षा मोठे असले, तर बोल्ट कसताना ते एका बाजूला सरकते. केंद्र एक-दोन मिलिमीटर हलले तरी चेनच्या झोलात त्याच्या कितीतरी पट फरक पडतो. शिवाय ते आऱ्यांवर कसलेले असल्यामुळे चाक आउट (वाकडे) असेल किंवा कोनमध्ये (हबच्या बेअरिंगच्या शंकूमध्ये) प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल, तर स्प्रॉकेटही तसेच डुलते. म्हणून आधी कोन कसून घ्या, मग चाकाची आउट काढा आणि त्यानंतरच स्प्रॉकेटला हात लावा.

उत्तर २

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. चेनबाबत थोडी भर घालतो. ४१५, ४२० आणि साधी सायकलची चेन या तिन्हींची पिच (लागोपाठच्या दोन पिनांमधले अंतर) १२.७ मिलिमीटरच असते, त्यामुळे ‘बसते’ एवढ्यावरून चेन योग्य आहे असे समजू नये. आतली रुंदी ४१५ मध्ये सुमारे ४.८ आणि ४२० मध्ये सुमारे ६.४ मिलिमीटर असते. ४१५ च्या स्प्रॉकेटवर ४२० ची चेन आडवी हलत राहते आणि लाइन थोडीही चुकलेली असली तर लवकर उतरते.

झीज मोजण्यासाठी चेन ताणून धरा आणि २४ पिचचे अंतर एका पिनच्या मध्यापासून दुसऱ्या पिनच्या मध्यापर्यंत मोजा. ते ३०४.८ मिलिमीटर असायला हवे. ३०७ ते ३०८ च्या पुढे गेले असेल तर चेन बदला, आणि दाते आकड्यासारखे वाकलेले दिसत असतील तर स्प्रॉकेटही. लॉकच्या कडीची क्लिप बसवताना तिचे बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवा. उघडे टोक पुढे राहिले तर कशाला तरी घासून क्लिप निसटू शकते.

उत्तर ३

माझे मत थोडे वेगळे आहे. सायकलीला आडव्या खाचांचा मागचा चिमटा (चौकटीचा मागचे चाक धरणारा भाग) असेल, तर टेन्शनर शक्य तो काढूनच टाकावा. आस मागे सरकवून इंजिनाची चेन बेताची ताणता येते. अडचण अशी येते की त्याच वेळी पॅडलची चेनही ताणली जाते, म्हणून कड्यांची संख्या जुळवावी लागते. आतली आणि बाहेरची अशी जोडी काढली की चेन २५.४ मिलिमीटरने आखूड होते, म्हणजे आस साधारण १२.७ मिलिमीटर पुढे येते; तेवढे जमत नसेल तर अर्ध्या कडीचा उपयोग होतो.

टेन्शनर ठेवायचाच असेल, तर चिमट्याची नळी हबकडे तिरकी जात असल्याने त्याचे चाकही तिरपे बसते. पट्टी शेगड्यात धरून पीळ द्यावा आणि चाक चेनच्या रेषेत आणावे. पट्टी फिरू नये म्हणून काही जण नळीला भोक पाडून बोल्ट घालतात, पण पातळ नळीला भोक पाडणे मला मान्य नाही. नळी आणि पकडीच्या मध्ये रबराची पट्टी घालावी आणि टेन्शनरच्या पट्टीला दुसरा आधार देऊन तो चौकटीला जोडावा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. खडूची खूण करून पाहिली. प्रत्येक फेऱ्याला तोच दाता येताच चेन ताठ होते. २४ पिचचे अंतर ३०५ मिलिमीटर भरले, म्हणजे चेन ठीक आहे. चिमट्याला तार बांधून तिचे टोक दात्यांच्या मुळाशी आणले, तेव्हा एका बाजूला टोक टेकते आणि समोरच्या बाजूला जवळपास ३ मिलिमीटरची फट राहते. आडवे डुलणे मात्र फारसे नाही. इंजिनाच्या स्प्रॉकेटचे झाकण काढून सरळ पट्टी लावली, तर दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आहेत. आता केंद्र कसे साधावे?

उत्तर १

फट ३ मिलिमीटरची म्हणजे केंद्र साधारण दीड मिलिमीटर सरकलेले आहे. फट नेहमी केंद्राच्या फरकाच्या दुप्पट दिसते. बोल्ट ढिले करा आणि हब व स्प्रॉकेटच्या भोकातली पोकळी भरेल इतक्या जाडीची पत्र्याची पट्टी हबभोवती एकसारखी गुंडाळा. तिची दोन टोके एकमेकांवर चढू देऊ नका. नंतर बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे कसा. प्रत्येक फेरीनंतर चाक फिरवून तारेशी फट पाहा, कारण रबर एका बाजूला जास्त दबले की स्प्रॉकेट आडवे डुलू लागते. फट सगळीकडे एक मिलिमीटरच्या आत सारखी आली की थांबा.

त्यानंतर चेन जिथे सर्वांत ताठ होते त्याच जागी, खालच्या बाजूच्या मध्यावर, वर-खाली मिळून १२ ते १५ मिलिमीटर झोल ठेवा. पहिल्या छोट्या फेरीनंतर इंजिनाचे माउंटिंग आणि स्प्रॉकेटचे बोल्ट पुन्हा तपासा. रबर बसते, बोल्ट सैल पडतात आणि तारेशी फट पुन्हा बदललेली दिसू शकते.