सीडीआरमधला आयएमईआय जप्त मोबाइलशी जुळत नाही

प्रश्न (तपासी अंमलदार)
जय हिंद. घरफोडीच्या गुन्ह्यात मोबाइल जप्त केला. *#०६# दाबून पंचनाम्यात ४९०१५४२०३२३७५१८ हा आयएमईआय (हँडसेटचा १५ आकडी ओळख क्रमांक) घेतला. सीडीआरमध्ये (मोबाइल कंपनीकडच्या कॉल नोंदीत) मात्र शेवटी ८ ऐवजी ० आहे. घटनेच्या वेळचा टॉवरही घटनास्थळापासून तीन किलोमीटरवरचा निघाला. दोषारोपपत्राआधी काय करावं? आरोपीचा साथीदाराशी व्हॉट्सअ‍ॅप कॉल झाला होता, तोही सीडीआरमध्ये नाही.

उत्तर १
साहेब, हँडसेट तोच आहे. पंधरावा आकडा आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेला पडताळणी अंक असतो. फोन तो नेटवर्कला पाठवत नाही, म्हणून कंपनीच्या नोंदीत तिथे बहुधा ० पडतो. पहिले १४ आकडे जुळवा आणि फरकाचं कारण कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याच्या (पोलिसांना माहिती पुरवणाऱ्या) जबाबात घ्या. फोन दोन सिमचा असेल तर आयएमईआयही दोन असतात; पंचनाम्यात दोन्ही हवेत.

कंपनीची फाइल एक्सेलमध्ये थेट उघडून सेव्ह करू नका. आयएमईआयचा ४.९ई+१४ होतो आणि सीएसव्ही म्हणून सेव्ह केला की आकडे कायमचे जातात. ०५/०८ ही ५ ऑगस्टची तारीख ८ मे होऊन बसते, आणि हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मूळ फाइलला हात लावू नका. प्रत काढा, आयातीच्या वेळी सगळे रकाने 'टेक्स्ट' ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅप कॉल इंटरनेटवरून जातो, सीडीआरमध्ये येणारच नाही. आयपीडीआर (इंटरनेट वापराची नोंद) मागवा. त्यात फक्त डेटा कुठल्या आयपीकडे, केव्हा आणि किती गेला ते दिसतं, बोलणं नाही. वेळ यूटीसीत (आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत) असेल तर साडेपाच तास मिळवा.

उत्तर २
टॉवरबद्दल: फोन जवळचाच टॉवर धरतो असं नाही. मध्ये टेकडी किंवा उंच इमारत असली, जवळच्या टॉवरवर गर्दी असली, तर लांबचा धरतो. ग्रामीण भागात तीन किलोमीटर काहीच नाही. सेल आयडीवरून (सीडीआरमधल्या अँटेनाच्या क्रमांकावरून) अँटेनाची दिशा मागवा. एका टॉवरवर साधारण तीन सेक्टर (वेगवेगळ्या दिशांना तोंड असलेले भाग) असतात, प्रत्येकी सुमारे १२० अंश. घटनास्थळ त्या सेक्टरच्या तोंडासमोर आहे का, ते नकाशावर आखा. पाठीमागे असेल तर तुमचा मुद्दा कच्चा आहे, तो ओढूनताणून मांडू नका. आणि सीडीआर सांगतो फोन कुठे होता. तो कुणाच्या हातात होता, ते साक्षीदारांवरूनच ठरतं.

उत्तर ३ (वकील)
मुद्दे बरोबर आहेत, पण प्रमाणपत्राशिवाय सीडीआरची प्रिंट पुराव्यात येणार नाही. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या जालन्याच्या निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र अनिवार्य ठरवलं. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३(४) आहे. प्रमाणपत्राचे भाग दोन, अ आणि ब, ब तज्ज्ञाचा. दोन्हींत फाइलचं हॅश मूल्य (फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने निघणारा तिचा ठसा) लागतं. फाइल हाती येताच हॅश काढून घ्या, नाहीतर नंतर ती तीच फाइल असल्याचं दाखवता येत नाही.

प्रश्नकर्ता
आभारी आहे, सर. फरार साथीदाराचा फोन ऐकायची परवानगी मिळेल का?

उत्तर ३ (वकील)
घरफोडीसाठी मिळणं अवघड. राज्यात आदेश गृह सचिवांचा लागतो, मुदत एका वेळी ६० दिवस, एकूण १८० च्या वर नाही. मूळ अट सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता ही आहे. ती पूर्ण होत नव्हती म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली विनीत कुमार प्रकरणात, लाचेचा आरोप असूनही, फोन टॅपिंगचे आदेश रद्द केले. साथीदाराच्या नंबरचा सीडीआर मागवा. कंपनीने तो दोन वर्षं जपायचा असतो. नंबर पोर्ट झालेला (तोच ठेवून कंपनी बदललेली) असेल तर आधीच्या कंपनीलाही पत्र द्या.